वेश, वेशभूषा आणि वस्तुसंग्रहालय : नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागतसमारंभाची सांस्कृतिक चिकित्सा

प्रस्तावना

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वागत करण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ झालेली आहे. या समारंभात ‘पारंपरिक वेशभूषा’ हा कार्यक्रम हटकून असतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत नवागतांसाठी वस्तुसंग्रहालयाच्या दालनांत संध्याकाळचा मेळावा भरवण्याची, क्वचित त्यासाठी विशिष्ट पोशाखाचे बंधन घालण्याचीही रीत आढळते. मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयाजवळ असे वस्तुसंग्रहालय बहुधा नसते. तथापि, वेशभूषेचा मंच हेच येथील एका दिवसाचे संग्रहालय असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्या मंचावर कोणता वेश मांडला जातो, कोणता वगळला जातो आणि ज्यांचा तो वेश आहे ते लोक त्या वेळी कोठे बसलेले असतात, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत.

नांदेड–लातूर रस्त्यावरील लोहा हा तालुका या चिकित्सेसाठी विशेष उपयुक्त ठरतो. याच तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तेथे वाघ्या, मुरळी, वासुदेव, पोतराज, गोंधळी यांचे वेश अद्याप जगण्याचा भाग म्हणून दिसतात. आणि त्याच तालुक्यातील महाविद्यालयीन मंचावर तेच वेश करमणुकीचा भाग म्हणून दिसू शकतात. या दोन दर्शनांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. स्वागतसमारंभातील वेशभूषा कार्यक्रमाच्या स्वरूपाची चिकित्सा करणे.
२. वस्तुसंग्रहालय, जत्रा आणि रंगमंच या तीन ठिकाणी वेशाला प्राप्त होणाऱ्या अर्थांची तुलना करणे.
३. ‘पारंपरिक वेश’ या संकल्पनेतील सामाजिक ताण स्पष्ट करणे.
४. ग्रामीण महाविद्यालयास शक्य होईल असा पर्याय सुचविणे.

स्वागतसमारंभाची पार्श्वभूमी

स्वागतसमारंभाचे आजचे रूप समजून घेण्यासाठी त्याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी लागते. नवागताला विचित्र पोशाख करावयास लावणे, उलटा सदरा घालून वर्गात बसविणे, मुलाला मुलीचे कपडे नेसविणे हे रॅगिंगचे परिचित प्रकार होते. महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये याविषयीचे विनियम जारी केले. पुढे २०१९ मध्ये आयोगाने ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांसाठी मार्गदर्शिका काढली. तेव्हा जुन्या काळी वेश हे नवागताच्या अपमानाचे साधन होते, ते आता त्याच्या स्वागताचे साधन व्हावे, अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. अपमान आणि स्वागत यांच्यातील फरक मात्र केवळ टाळ्यांवरून ठरत नाही. ज्याच्याकडे पाहून हसले जाते तो मंचावर असेल किंवा प्रेक्षकांत, हसण्याचा परिणाम सारखाच असतो.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी झाली. या परिसरातील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण घराण्यातील शिकणारी पहिलीच पिढी होत. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या मुलीला स्वागतसमारंभाच्या दिवशी प्रथमच सभागृहासमोर उभे राहावयास मिळते. हा आनंद खोटा नाही आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही चिकित्सेला नाही. किंबहुना, हा आनंद सर्वांच्या वाट्याला यावा म्हणूनच चिकित्सेची गरज आहे.

मंचावरील महाराष्ट्र

वेशभूषेच्या मंचावर दिसणारा ‘महाराष्ट्र’ कोणता असतो, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. शिवलेली तयार नऊवारी, मोत्यांची नथ, चंद्रकोर, मुलांसाठी बांधून ठेवलेला भगवा वा गुलाबी फेटा आणि कुडता हा संच भाड्याने सहज मिळतो. शिवलेल्या नऊवारीला काष्टा घालावा लागत नाही. बांधलेला फेटा टोपीसारखा डोक्यावर ठेवता येतो. सोय म्हणून यात काही गैर नाही. परंतु लुगडे नेसणे आणि रुमाल बांधणे ही कौशल्ये होती. ती आजीकडून नातीकडे, आजोबांकडून नातवाकडे जात असत. वेश राहिला आणि ते कौशल्य गळाले, हे या सोयीचे मोल होय.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा संच मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राच्या प्रतिमेवर बेतलेला आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. धोतर, सदरा आणि डोक्याला रुमाल; खांद्यावर घोंगडी; स्त्रियांचे इरकली लुगडे व खणाची चोळी; संस्थानी शेरवानी व रुमी टोपी; स्वातंत्र्यलढ्यातील खादी, हा येथील वेशाचा खरा इतिहास आहे. तो लोह्याच्या मंचावर अभावानेच येतो. स्वतःच्या गावात परंपरा साजरी करताना परक्या प्रदेशाची परंपरा भाड्याने आणावी लागावी, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

आणखी एक वेश मंचावर कधीच येत नाही. बालाघाटच्या रांगांतील गावांतून आणि तांड्यांतून दरवर्षी ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. उसाच्या पाचटाने अंग कापू नये म्हणून तोडणी करणारी स्त्री साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते आणि डोक्याला फडके बांधते. मराठवाड्यातील स्त्रीच्या श्रमाचा याहून बोलका वेश दुसरा नसेल. सभागृहात बसलेल्या काही विद्यार्थ्यांच्या आया प्रत्यक्षात हाच वेश घालतात. तरीही ‘पारंपरिक’ या शब्दाच्या कक्षेत त्याला जागा नाही. परंपरा म्हणजे सण, आणि श्रम म्हणजे परंपरा नव्हे, अशी एक अघोषित व्याख्या येथे काम करते.

काचेच्या कपाटातील वेश

वस्तुसंग्रहालय वेशाशी कसे वागते, याची तुलना येथे उद्बोधक ठरते. मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. सातवाहनकालीन तेरच्या मृण्मूर्तींवरील केशरचना, शिरोभूषणे व अलंकार पाहिले असता दोन हजार वर्षांपूर्वीचा वेश डोळ्यांपुढे उभा राहतो. तेर येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांच्यातील साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. मराठवाड्यातील एका नगराचा वेशालंकार समुद्रापार ओळखीचा होता, ही बाब नवागत विद्यार्थ्याला त्याच्या प्रदेशाविषयी जे सांगते, ते भाड्याचा फेटा सांगू शकत नाही.

तथापि, संग्रहालय हे निर्दोष स्थळ आहे असे मानण्याचे कारण नाही. मुंबईचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. विविध समाज, त्यांचे पोशाख, पगड्या व व्यवसाय दाखविणाऱ्या लहान मृत्तिका-प्रतिकृती हे त्याच्या संग्रहाचे एक वैशिष्ट्य आहे. कारागिरीच्या दृष्टीने त्या मोहक आहेत. पण त्याच काळात, १८६८ ते १८७५ या दरम्यान, ‘पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध होत होता आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. माणसाला त्याच्या वेशावरून ओळखणे, जातीच्या चौकटीत बसविणे आणि त्यावरून त्याच्या वर्तनाचा अंदाज बांधणे, ही वसाहतकालीन शासनाची दृष्टी होती. एका समाजाची एक बाहुली, एक पोशाख, एक व्यवसाय अशी मांडणी या दृष्टीशी सुसंगतच होती. आजच्या वेशभूषा स्पर्धेतील ‘कोळीण’, ‘बंजारा’, ‘आदिवासी’, ‘वासुदेव’ ही क्रमवार मांडणी पाहिली असता त्या मृत्तिका-प्रतिकृतींचीच आठवण होते. फरक एवढाच की, येथे बाहुलीच्या जागी विद्यार्थी उभा असतो.

संग्रहालयाची एक शिस्त मात्र अनुकरणीय आहे. संग्रहातील वस्त्र अंगावर घालावयाचे नसते. प्रकाश, घाम, ताण यांनी धागा क्षीण होतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वार्षिक समारंभात एका प्रसिद्ध व्यक्तीने मेरिलिन मन्रो हिचा १९६२ मधील पोशाख परिधान केला, तेव्हा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेशविषयक समितीने ऐतिहासिक वस्त्रे कोणीही परिधान करू नयेत, अशी भूमिका जाहीर केली होती. आजीचे जुने लुगडे एका नृत्यासाठी फाडून, टाचून वापरणाऱ्यांनी ही शिस्त लक्षात घ्यावयास हवी. त्याहून महत्त्वाची आहे ती नोंदवही. संग्रहालयातील वस्तूला क्रमांक असतो. ती कोठून आली, कोणाची होती, कशासाठी वापरली जात होती, हे लिहिलेले असते. मंचावरील वेशाला अशी नोंद नसते, आणि नोंदीशिवायची वस्तू केवळ शोभा होय.

माळेगावची जत्रा : जगण्यातील वेश

मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावला भरणाऱ्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, तमाशाचे फड आणि देवस्वारी यांबरोबरच भटक्या-विमुक्तांचे मोठे एकत्रीकरण होत आलेले आहे. जातपंचायती भरण्याचे हे एक प्रमुख ठिकाण होते. येथे वेश हा ओळखपत्रासारखा असतो. वाघ्याची दिमडी व कोटंबा, वासुदेवाची मोरपिसांची टोपी, गोंधळ्याच्या गळ्यातील कवड्यांची माळ ही धर्मविधीची आणि उपजीविकेचीही साधने आहेत. वासुदेवाची टोपी उतरली तर त्याचे दान मागण्याचे प्रयोजनच उरत नाही.

या वेशांच्या मागे सौंदर्याइतकेच दुःखही उभे आहे. पोतराज अंगावर आसूड ओढून घेतो, तो पोटासाठी आणि लहानपणी त्याच्या वतीने बोललेल्या नवसासाठी. मुरळी म्हणून देवाला वाहिलेल्या मुलीच्या वाट्याला काय येत असे, हे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जेजुरीच्या संदर्भात समाजापुढे मांडले. देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि महाराष्ट्रात पुढे नव्याने कायदा करावा लागला. असे असता स्वागतसमारंभात मुरळीचा वेश ‘लोकधारा’ म्हणून सादर होतो आणि त्यामागील मुलीविषयी एक वाक्यही उच्चारले जात नाही, तेव्हा सादरीकरण इतिहासाला पुसून टाकते.

बंजारा वेशाचे उदाहरण याहून नाजूक आहे. फेटिया, कांचळी, आरसेकाम व कवड्या यांमुळे तो मंचावर उठून दिसतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु कपाळाच्या दोन्ही बाजूंस रुळणारी घुगरी-टोपली हे विवाहितेचे अलंकार होत, हे तो वेश घालणाऱ्या मुलीला ठाऊक नसते. तांड्यावरून आलेल्या तिच्याच वर्गातील मुलीला ते ठाऊक असते. ती प्रेक्षकांत साधा पंजाबी पोशाख घालून बसलेली असते. कारण आपली गोरबोली आणि आपला वेश तांड्याच्या वेशीवर ठेवूनच शहरात वावरावे लागते, हा धडा तिच्या कुटुंबाने कष्टाने गिरविलेला असतो. जो वेश तिच्या आईने बाजारात घातला असता लोक वळून पाहतात, त्याच वेशाला मंचावर दुसऱ्या मुलीच्या अंगावर पहिले बक्षीस मिळते. नवागताच्या स्वागताचा सारा प्रश्न या एका विरोधात सामावलेला आहे.

वेश टाकण्याचा अधिकार

‘परंपरा जपा’ हे आवाहन सर्वांना सारख्याच अर्थाने लागू पडत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरील कथलाचे, चांदीचे ओझ्याचे दागिने यांवरून अस्पृश्यता ओळखली जाते. तेव्हा ती पद्धत सोडावी, स्वच्छ राहावे, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. येथे परंपरागत वेश टाकणे हेच मुक्तीचे पाऊल होते. लातूर परिसरातून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे १९८७ मधील आत्मकथन किंवा लक्ष्मण माने यांचे १९८० मधील ‘उपरा’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे सहज उमगेल की, काही घरांत जपून ठेवावा असा वेश नव्हताच. होती ती फक्त लाज झाकण्याची धडपड. अशा घरातून आलेल्या मुलाला ‘तुझा पारंपरिक वेश घालून ये’ असे सांगणे म्हणजे त्याची जात मंचावर उच्चारावयास सांगणेच होय.

बोस्टनचा वाद आणि आपला प्रश्न

हा वाद जगात अन्यत्रही झालेला आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘आम्ही संस्कृती आहोत, वेशभूषा नव्हे’ अशा आशयाची भित्तिपत्रक-मोहीम राबविली. २०१५ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने क्लोद मोने यांच्या १८७६ मधील ‘ला जापोनेझ’ या चित्रासमोर किमोनो अंगावर घालून पाहण्याची संधी प्रेक्षकांना दिली. निषेध झाल्यानंतर ते वस्त्र केवळ स्पर्श करण्यासाठी ठेवण्यात आले. विशेष म्हणजे, काही जपानी व्यक्तींनी या निषेधालाच विरोध केला. आपले वस्त्र इतरांनी घालण्यात त्यांना अपमान वाटला नाही.

या वादातील निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही. ‘ज्याचा वेश त्यानेच घालावा’ हे सूत्र अमेरिकेत दुर्बलांच्या बाजूचे वाटते. भारतात मात्र तेच सूत्र शतकानुशतके जातिव्यवस्थेचे राहिलेले आहे. कोणी कोणते वस्त्र नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे जातीने ठरविलेले होते. त्यामुळे वेशांवर पुन्हा जातीचे कुलूप लावणे हा उपाय होऊ शकत नाही. एका मुलीने मैत्रिणीच्या तांड्यावर जाऊन, तिच्या आईच्या हातून फेटिया नेसून घेतला, तर त्यात अपमान नाही. उलट जातीच्या भिंतीला पडलेली ती एक खिंड आहे. अपमान वेश घालण्यात नसतो; वेश घ्यायचा आणि माणूस गाळायचा, यात तो असतो.

पर्यायाची दिशा

वरील विवेचनावरून वेशभूषा कार्यक्रम बंद करावा, असे सूचित होत नाही. त्याला संग्रहालयाची नोंदवही आणि जत्रेचा जिवंतपणा यांची जोड द्यावी, एवढेच अभिप्रेत आहे. दीक्षारंभाच्या दिवसांत इतिहास व मराठी विभागांनी मिळून एक दिवसाचे ‘वस्त्रदालन’ मांडावे. ज्या विद्यार्थ्याची इच्छा असेल त्याने घरातील एक वस्त्र वा वस्तू आणावी : आजोबांचा रुमाल, इरकली लुगडे, घोंगडी, ऊसतोडणीचा सदरा, वडिलांचा एसटीचा खाकी गणवेश, आईची बचतगटाची साडीसुद्धा. सोबत एक कार्ड असावे. वस्त्राचे घरातील नाव, ते कोणाचे, कोणत्या बाजारात घेतले, कधी घातले जाई आणि वापर का थांबला, एवढ्या पाच ओळी पुरेशा आहेत. जुने वस्त्र अंगावर न घालता मांडावे. नेसण्याचे व बांधण्याचे कौशल्य मात्र गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून नव्या कापडावर शिकून घ्यावे. लोककलावंतास बोलवावयाचे असल्यास त्याला मानधन द्यावे आणि बोलू द्यावे.

यास तीन मर्यादा आहेत. सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असावा. जातीची विचारणा कार्डावर नसावी. आणि बक्षीस नसावे. कारण क्रमांक लावला की वेश पुन्हा देखावा होतो. अशा कार्डांचा काही वर्षांचा संच हा मराठवाड्याच्या वस्त्रेतिहासाचा मोलाचा दस्तऐवज ठरेल. असे संग्रह सामान्यांच्या वस्तूंतून उभे राहतात, याला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची साक्ष आहे. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वस्तूंतून तो संग्रह घडला आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्याला मिळाले. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेले बंजारा समाजाचे वस्तुसंग्रहालय हेही या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल आहे. ज्यांच्या बाहुल्या पूर्वी दुसऱ्यांच्या कपाटात होत्या, त्यांचा वारसा आता त्यांच्याच तीर्थक्षेत्री मांडला गेला आहे.

समारोप

रंगमंच वेशाला टाळ्या देतो, संग्रहालय त्याला क्रमांक देते आणि जत्रा त्याला पोट देते. यांपैकी कोणतेही एक स्थळ पुरेसे नाही. टाळ्यांत माणूस विसरला जातो, क्रमांकात तो गोठतो आणि पोटाच्या ओढीत त्याला वेश टाकण्याची मोकळीक राहत नाही. महाविद्यालय हे या तिघांहून वेगळे स्थळ आहे. कारण तेथे वेश घालणारा, त्याकडे पाहणारा आणि ज्याच्या घरातून तो वेश आला तो, असे तिघेही एकाच बाकावर बसलेले असतात. त्यांच्यात संवाद घडविणे हे शिक्षणाचे काम होय. नवागताचे खरे स्वागत तेव्हाच होईल, जेव्हा तांड्यावरून आलेल्या मुलीला आपला वेश आणण्याचा, न आणण्याचा आणि त्याविषयी स्वतःच्या शब्दांत बोलण्याचा समान अधिकार मिळेल. तोवर मंचावरील बक्षीस हे वेशाचे असेल, तिचे नव्हे.